वसाहतीतले सर

एकोणीसशे सत्तेचाळीस साली इंग्रज हा देश सोडून गेले, यावर माझ्या ओळखीच्या सगळ्या माणसांचा विश्वास होता. फक्त आमच्या शेजारच्या सरांचा नव्हता. त्यांच्या मते इंग्रज गेले होते ते फार तर मुंबईच्या बंदरापर्यंत, आणि तिथून काहीतरी विसरल्याचं निमित्त करून ते रोज परत येत होते. कधी ते आमच्या कंपनीच्या भोंग्यात शिरत, कधी इंग्रजी शाळेतल्या पोरांच्या टायमध्ये, कधी पोस्टातल्या कारकुनाच्या आवाजात. सकाळी सहा वाजता तर अख्ख्या चिंचवडातल्या चहाच्या पातेल्यांतून ते वाफेच्या रूपानं वर येत. सर कॉलेजात इतिहास शिकवत, असं लोक म्हणत. सरांना ते मान्य नव्हतं. "मी इतिहास शिकवत नाही," ते म्हणत, "मी पत्ता शिकवतो. साहेब सध्या कुठं राहतो, त्याचा पत्ता."

त्यांचा स्वतःचा पत्ता मात्र त्यांना अडचणीत आणणारा होता. आयुष्यभर वसाहतवादाविरुद्ध बोलणारा हा माणूस राहत होता वसाहतीत. कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांच्या चार ओळी, मध्ये एक नळ, आणि पाटीवर ठळक अक्षरांत 'वसाहत' असं लिहिलेलं. माझं घर त्यांच्या घराला चिकटून. मी तेव्हा मॅट्रिक होऊन आकुर्डीच्या एका कारखान्यात टूलरूमला लागलो होतो, आणि पुस्तकांचा नि माझा संबंध कायमचा संपला अशा आनंदात होतो. सर राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी मधल्या भिंतीवरून मान वर काढली आणि मला विचारलं, "दुसऱ्या पाळीला असतोस ना? मग सकाळी सात ते दहा काय करतोस?" मी खरं सांगितलं, "झोपतो." ते म्हणाले, "मग कॉलेजात येऊन झोप. नाव तरी लागेल." असा मी सकाळच्या कॉलेजात गेलो आणि सहा वर्षांनी बी. ए. होऊन बाहेर पडलो. त्यातली दोन वर्षं जास्तीची होती. ती सरांचीच कृपा, कारण त्यांनी शिकवलेलं उत्तरपत्रिकेत लिहायला तीन तास पुरत नसत.

ते सकाळचं कॉलेज म्हणजे एक अजब प्रकार होता. निम्मी पोरं तिसरी पाळी संपवून थेट यायची, हाताला ग्रीस, डोळे लाल. उरलेली दुसऱ्या पाळीला जायची घाई असलेली. मोशीची, चिखलीची, चाकणची स्थानिक पोरं, आणि आमच्यासारखी सातारा, बीड, लातूरहून आलेली. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर 'वसाहतवाद' असा शब्द लिहिला आणि त्याचा अर्थ विचारला. भोसरीकडचा एक दांडगा गडी उभा राहिला नि मोकळ्या मनानं म्हणाला, "सर, आमी वसाहतीत ऱ्हातो. आमीच की वसाहतवादी!" वर्ग हसून लोळला. सर हसले नाहीत. ते खिडकीशी गेले, बाहेर बघत उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "बस. तुझं चुकलंय, पण तुझ्या चुकीवर मला महिनाभर शिकवता येईल." आणि खरोखर त्यांनी महिनाभर तेच शिकवलं. अभ्यासक्रमातली सुएझ कालव्याची भानगड त्या वर्षी राहून गेली ती गेलीच.

तासाला झोपणाऱ्यांना ते कधी उठवत नसत. एकदा प्राचार्य फेरीवर आले. पहिल्या बाकावर एक फिटर तोंड उघडं टाकून घोरत होता आणि सर त्याच्या डोक्यावरून मिठाच्या करावर बोलत होते. प्राचार्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. सर म्हणाले, "इंग्रजांनी याच्या आजाला दीडशे वर्षं झोपू दिलं नाही. याला पाऊण तास तरी झोपू द्या." हिशेबात काहीतरी गफलत होती हे प्राचार्यांच्याही लक्षात आलं असावं, पण सरांशी वाद घालायला लागणारा वेळ त्यांच्याकडे नव्हता. तो कुणाकडेच नसे. साध्या प्रश्नाला सरांचं उत्तर नेहमी शंभरेक वर्षं मागून सुरू होई. बस कुठली जाते असं विचारणाऱ्याला ते आधी रस्ता कुणी नि कशासाठी बांधला ते सांगत, आणि तेवढ्यात बस निघून जाई. हो किंवा नाही हे दोन शब्द त्यांनी कधी सुटे वापरल्याचं मला आठवत नाही.

चहा ते पीत नसत. चहा म्हणजे मळ्यांवर राबलेल्या मजुरांचं रक्त, हे ते यजमानाच्या घरी, कप हातात दिल्यावर सांगत. मग कॉफी करू का, असं कुणी विचारलं तर आणखी वेगळी व्याख्यानमाला. सरबत चाले, पण त्यातल्या साखरेचा विषय निघेपर्यंतच. वसाहतीतल्या बायकांनी त्यांना गुळाचं पाणी द्यायचं ठरवून टाकलं होतं, आणि सर गेले की घरातले सगळे निवांत चहा घेत. त्यांच्या पत्नीला मात्र असली काही भीती नव्हती. त्या पालिकेच्या शाळेत शिकवायच्या. सगळी वसाहत त्यांना बाई म्हणायची. सकाळी सर पडवीत उभे राहून साम्राज्याचा धिक्कार करत असताना बाई समोरच्या पायरीवर बसून बशीतला चहा फुंकर मारून पीत. एकदा सर फार रंगात आले होते. बाईंनी शेवटचा घोट घेतला, कपबशी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अहो, साम्राज्य बुडालं. आता एवढा कप विसळा." सरांनी विसळला. बाईंपुढे त्यांचं कुठलंही व्याख्यान पंधरा मिनिटांवर गेलेलं मी ऐकलं नाही.

रविवार सरांच्या संशोधनाचा. डॉक्टरेटचा प्रबंध ते कधीपासून लिहीत होते कोण जाणे. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हाच त्याची तीन खोकी भरलेली होती. इंग्रजांनी आपल्या छावण्यांसाठी आणि घोड्यांसाठी मावळातल्या, चाकणकडच्या गावांची कुरणं कशी घेतली, हा विषय. "विलायतेत त्यांच्या दप्तरात एक बाजू लिहिलेली आहे," ते सांगत, "दुसरी बाजू हिंजवडीत, माणला, तळवड्यात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहे. आणि ती माणसं भराभर मरायला लागलीत." म्हणून दर रविवारी ते सायकलीला पिशवी अडकवून निघत, आणि पुष्कळदा मलाही ओढत. तेव्हा माणला जायचं म्हणजे बैलगाडीच्या चाकोरीतून सायकल हातात धरून चालायचं. हिंजवडीच्या शिवारात ज्वारी अशी उंच असायची, की पुढे गेलेले सर दिसेनासे व्हायचे. नुसता आवाज यायचा, बंगालच्या दुष्काळाबद्दल.

अडचण एवढीच होती की त्याच दिवसांत सगळीकडे कारखान्यांसाठी जमिनींच्या मोजण्या चालल्या होत्या. पांढरा शर्ट, चष्मा, हातात वही आणि विचारणार काय, तर तुमची जमीन कुठली, कुणी घेतली, किती घेतली. गावोगाव दारं धडाधड बंद व्हायची. चाकणच्या बाजूला एका वस्तीवर आमच्या अंगावर कुत्रं सोडलं होतं. सर त्या कुत्र्यालाही समजावून सांगायला थांबले. मी त्यांना ओढून नेलं.

तळवड्याच्या आजी अशाच भेटल्या. नदीच्या बाजूला त्यांचं एकटं घर. मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. आम्हाला लांबून बघूनच त्या विळा घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मोजणीवाला न्हवं का तू? हितं काय मोजायचं न्हाई. जा माघारी."

"आजी, मी सरकारचा माणूस नाही," सर म्हणाले.

"मंग कुनाचा हायेस?"

सरांनी क्षणभर विचार केला. "इतिहासाचा."

"इतिहास? ह्यो कुटला भाऊसाहेब? तलाठी बदलला का काय?"

मी तोंड फिरवून हसलो. पण सर तिथंच मातीत मांडी घालून बसले आणि त्यांनी म्हातारीला पहिला प्रश्न विचारला, तो जमिनीचा नव्हताच. "तुमच्या सासऱ्यांनी गोरा साहेब बघितला होता का?" त्यावर म्हातारीनं विळा खाली ठेवला. सासऱ्यानं बघितला होता म्हणे. त्यांचं कुरण साहेबानं घोड्यांसाठी घेतलं होतं, आणि लढाई संपल्यावर परत दिलं होतं. त्याचा कागद होता. पत्र्याच्या पेटीतून, लुगड्याच्या घडीतून तो बाहेर आला. वर इंग्रजी, खाली चार ओळी मोडी, आणि पुसट शिक्का. त्यांनी तो कागद तीनदा वाचला, एकदाही हात न टेकवता, नुसतं वाकून. त्यात दोन भावांची कुरणं वेगवेगळी लिहिली होती, वेगवेगळ्या हद्दींसकट; त्यातला एक आजींचा सासरा. परतताना सर सायकलीवर बसायचं विसरून ती वाटभर हातातच धरून चालले. मला वाटलं, त्यांना ऊन लागलं.

त्या कागदावर त्यांनी प्रबंधाचं सबंध एक प्रकरण उभं केलं. पण पुढं झालं असं की चार-पाच वर्षांनी तळवड्याच्या त्या जमिनीला संपादनाची नोटीस आली, आणि ती आली एकट्या चुलत दिराच्या, म्हणजे त्या दुसऱ्या भावाच्या मुलाच्या नावानं. दीर म्हणायला लागला, म्हातारीचा नवरा माझी जमीन नुसती कसत होता, त्याचा वाटा कधी नव्हताच. आजी एका सकाळी आठ मैल चालत आमच्या वसाहतीत आल्या, पदराखाली तो कागद धरून. "त्या इतिहास भाऊसाहेबाचं घर कुटं हाय?" असं विचारत त्या चारही ओळी फिरल्या. पडवीत बसल्यावर त्या सरांना म्हणाल्या, "मला पैका नगं, काय नगं. पर माज्या मालकाचं हितं काय न्हवतं, आसं नगा म्हनू म्हनावं. चाळीस वर्सं त्यानं त्या मातीत हाडं झिजवली."

सर त्यांच्याबरोबर वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, कागद चांगला आहे, पण तो वाचून दाखवणारा जाणकार साक्षीला हवा. सरांनी होकार दिला. अर्थात मोडी लिपीचा उगम सांगून झाल्यावर. सुनावणीची तारीख लागली. सरांनी घरी येऊन ती सांगितली तेव्हा बाईंनी कॅलेंडरवर त्याच तारखेला आधीच केलेली खूण दाखवली. तोच दिवस विद्यापीठात प्रबंध दाखल करण्याचा शेवटचा होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा वाढणार नाही असं स्पष्ट पत्र आलं होतं. आणि सरांचा प्रबंध अर्थातच शेवटच्या आठवड्याआधी पुरा होणार नव्हता.

"सुनावणी अकराची आहे," सर म्हणाले. "विद्यापीठ पाचपर्यंत उघडं. चिंता कसली?"

मी त्या दिवशी रजा टाकली. सरांच्या मांडीवर कापडात बांधलेल्या प्रबंधाच्या तीन प्रती, शेजारी आजी, आणि पलीकडे मी, असे आम्ही पुण्यातल्या त्या कचेरीच्या बाकावर अकरापासून बसलो. बारा वाजले. एक वाजला. जेवणाची सुटी झाली. आजींनी फडक्यातली भाकरी काढली आणि तिचे तीन तुकडे केले. अडीच वाजले, तीन वाजले, दुसऱ्यांचीच नावं पुकारली जात होती. साडेतीनला मी उठलो. "सर, तुम्ही निघा. रिक्षानं जा, तिथं सही तुमचीच लागते, ती करून या. तोवर मी बसतो आजींजवळ."

"आणि तेवढ्यात पुकारलं तर?"

"तर पुढची तारीख मागू."

सरांनी आजींकडे बघितलं. आजींना आमचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. त्या दाराकडे टक लावून बसल्या होत्या. सर हळू आवाजात म्हणाले, "अरे, मी सगळा जन्म काय शिकवलं? की यांना कुणी विचारलं नाही, यांच्या बाजूनं कुणी बोललं नाही. आणि आज विचारतायत तर मी विद्यापीठात जाऊ?" मग स्वतःशीच, "बाई रागावतील."

सव्वाचारला मी पुन्हा उठलो. त्यांनी माझा शर्ट धरून मला खाली बसवलं.

साडेचारला आमचं नाव पुकारलं. अधिकारी दमलेले होते, पण माणूस सभ्य होता. त्यांनी कागद समोर ठेवून विचारलं, "हा तुम्ही वाचलात?" सरांनी घसा साफ केला, आणि मी घड्याळाकडे बघितलं. "त्याचं असं आहे," सर म्हणाले, "मागच्या शतकात जेव्हा या भागात घोडदळ..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

सर थांबले. वीस वर्षांत त्यांना एवढ्या छोट्या उत्तराची कधी गरज पडली नव्हती. त्यांनी आजींकडे पाहिलं. आजी हात जोडून उभ्या होत्या, सरांना की साहेबाला ते कळत नव्हतं.

"हो," सर म्हणाले.

"यात या आजींच्या सासऱ्यांचं नाव आहे?"

"हो."

"त्यांचं कुरण वेगळं दाखवलंय? हद्दीसकट?"

"हो."

"ठीक आहे. या तुम्ही."

बाहेर आल्यावर सर व्हरांड्यात उभे राहून मला म्हणाले, "एवढंच? एवढंच हवं होतं त्यांना?" घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तिन्ही प्रती तशाच त्यांच्या काखेत होत्या.

आम्ही घरी पोचलो तेव्हा बाई दारात होत्या. त्यांनी गाठोडं बघितलं आणि ओळखलं. सरांनी सुरुवात केली, "अगं, त्याचं असं झालं..." बाई म्हणाल्या, "काम झालं का म्हातारीचं?" सर म्हणाले, "झालंसं वाटतं." "मग बरं झालं," बाई म्हणाल्या. "छापला असता तर वाचला असता किती जणांनी? तिघांनी. त्यातला एक मी." आणि त्या आत गेल्या. पण त्या रात्री आमच्या घरापर्यंत पोळी करपल्याचा वास आला. इतक्या वर्षांत तसा कधी आला नव्हता.

महिनाभरानं निकाल लागला. आजींचा वाटा वेगळा धरला, आणि सरकारी कागदावर त्यांच्या नवऱ्याचं नाव आणि वारस म्हणून त्यांचं नाव लागलं. ते सांगायला त्या आल्या तेव्हा त्यांनी सरांना एक कोंबडी आणली होती. सर शाकाहारी होते. ती कोंबडी पुढं तीन वर्षं त्यांच्या परसात राहिली आणि सर सकाळी तिच्याशी बोलत. ती बाईंपेक्षा जास्त वेळ ऐकून घेई.

सर डॉक्टर झाले नाहीत. नव्यानं नोंदणी करा असं पुष्कळांनी सांगितलं, पण आता वेळ कुठून आणणार? तळवड्याची बातमी गावोगाव गेली होती. दर रविवारी सकाळपासून त्यांच्या पडवीत माणसं येऊन बसत. कुणी चिखलीचा, कुणी माणचा, कुणी थेट चाकणच्या पुढचा. कुणाच्या हातात नोटीस, कुणाच्या हातात आजानं जपलेला मोडी कागद. पूर्वी ज्यांनी कुत्री अंगावर सोडली, तेही आले. सर प्रत्येकाचा कागद वाचून देत, अर्ज लिहून देत, आणि मग वहीत त्याच्याकडून सगळं उतरवून घेत: विहीर कुठं, आंबा कुणी लावला, कुठल्या वावराला काय म्हणतात. माणसं म्हणत, "सर, ते नगं हो, फकस्त नोटिसीचं सांगा." पण सर ऐकत नसत. सगळ्यांचं काम झालं असं मी म्हणणार नाही. पुष्कळांचं झालं नाही. तेव्हा सर कोंबडीशीसुद्धा बोलत नसत.

दरम्यान त्यांच्याच हाताखाली शिकवू लागलेला एक तरुण डॉक्टरेट मिळवून विभागप्रमुख झाला. सर त्याच्यासाठी स्वतः हार घेऊन गेले, आणि सत्काराच्या भाषणात चाळीस मिनिटं बोलले. त्यातली अडतीस मिनिटं हाराची प्रथा कुठून आली यावर होती. मला मात्र उरलेली दोन आठवतात. ते म्हणाले, "हा माझ्यापेक्षा हुशार आहे. याला वेळेवर थांबता येतं."

ऐंशी साल उजाडून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा सर निवृत्त झाले. मुलगी नागपूरला होती. तिकडे जायचं ठरलं. सामान बांधून झालं, त्यात खोकीच जास्त. जायच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "इतकी वर्षं कामगारांना शिकवलं, पण पाळी सुटताना मी कधी बघितली नाही. दाखव." मी तोवर फोरमन झालो होतो. पहिली पाळी सुटायच्या वेळी मी त्यांना आमच्या फाटकासमोर उभं केलं. धोतर, कोट, हातात काही नाही. पिशवीशिवाय ते विचित्रच दिसत होते.

भोंगा झाला आणि सायकलींचा लोंढा बाहेर पडला. पहिल्यांदा कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एकानं ब्रेक दाबला, "आरं, सर!" आणि बघता बघता वीस-पंचवीस जण भोवती जमले. काहींचे केस पांढरे झाले होते. सरांना एकाचंही नाव आठवेना. ते गोंधळले, चष्मा पुसू लागले. मग त्यांनी एकाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू चिखलीचा. वडाच्या पलीकडचं घर." दुसऱ्याला म्हणाले, "तू म्हाळुंगे. तुमच्या विहिरीला दोन मोटा होत्या." तिसऱ्याला, "तू माणचा, तुमचं खळं देवळामागं." माणसं हसत होती, एकमेकांना ढोसत होती, आणि हळूहळू हसायची थांबली.

मागं एक टक्कल पडलेला फिटर उभा होता. सर त्याच्याकडे बघून म्हणाले, "मोशी. नदीकडचं वावर, चिंचेखालचं. त्याला तुम्ही लवणाचं म्हणायचा."

"व्हय सर," तो म्हणाला. "पर आता तितं काय बी ऱ्हायलं न्हाई. चिंच बी न्हाई. पोरांना दावाय गेलतो, मलाच जागा घावली न्हाई."

"असू दे," सर म्हणाले. "माझ्याकडे लिहिलेलं आहे."

त्या माणसानं सायकल स्टँडवर लावली, आणि तिथंच, भर रस्त्यात वाकून सरांच्या पायाला हात लावला. फाटकातून माणसं अजून येतच होती. कुणी घंटी वाजवली नाही. दोन्ही बाजूंनी वाट काढत त्या सायकली सावकाश पुढं जात राहिल्या, आणि सर मध्ये उभे होते.